उंबऱ्याबाहेरची चूल

चूल घरात असली की ती बाईची, आणि तीच चूल उंबऱ्याबाहेर पडली की पुरुषाची, असा एक अलिखित कायदा साऱ्या जगात चालू असावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपल्याकडेच पाहा ना. रायगडात थंडी पडली की वालाच्या शेंगांची पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, पुन्हा पाला. मग ते मडके शेतात उपडे घालायचे आणि भोवती गवत-गोवऱ्यांचा जाळ करायचा. आत पाण्याचा थेंबही नाही. हा सारा खटाटोप करतात पुरुष. खानदेशात पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजून भरताच्या पंगती उठतात, भाजणारे पुरुष. आमच्या मराठवाड्यात ज्वारीची कणसे हुरड्यावर आली की बांधावर आगटी पेटते. कणसे भाजून, तळहातावर चोळून, गरम दाणे पाहुण्यांच्या पुढ्यात टाकणारा तोही पुरुषच. आणि गंमत अशी की, हीच माणसे संध्याकाळी घरी परतली म्हणजे त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यावा लागतो!

हा कायदा मला नीट उमगला तो मात्र ना बांधावर, ना अंगणात. तो उमगला सात समुद्रांपलीकडे, चाकांवरच्या एका घरात आठ दिवस बिऱ्हाड केले तेव्हा.

माझी धाकटी बहीण दहा वर्षांपासून ऑस्ट्रेलियात, मेलबर्न शहरी राहते. तिथल्या एका इस्पितळात ती परिचारिका आहे. आई गेली तेव्हा ती आली होती ती पाच दिवसांपुरती. त्या पाच दिवसांत आम्ही दोघींनी मिळून शेकडो माणसांचे चहापाणी केले. परंतु एकमेकींजवळ टेकून दोन अश्रू गाळायला काही सवड मिळाली नाही. त्या गोष्टीला आता तीन वर्षे झाली. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत तिने आम्हा दोघांना तिकिटे पाठवली आणि वर बजावले, "ताई, घरात उतरलीस की तू माझ्या स्वयंपाकघरात शिरशील. ते मला नको. आपण गाडी घेऊन समुद्राकाठानं भटकू."

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. पण विंचवाने जर भाड्याने मिळणाऱ्या त्या मोटारहोमांचे आवार पाहिले असते, तर आपल्या बिऱ्हाडाची त्याला लाज वाटली असती. मालमोटारीसारख्या सांगाड्यावर उभे केलेले ते पांढरेशुभ्र घर. पुढे चालकाची जागा, तिच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग. मागे एक बाक, तो रात्री बिछाना होतो. मध्ये टेबल, तेही रात्री बिछाना होते. एकूण काय, दिवसा ज्या ज्या वस्तूवर बसावे किंवा जेवावे, ती ती रात्री निजण्याच्या कामी येते. शिवाय पाण्याची टाकी, गॅसची टाकी, कमरेइतका फ्रीज, न्हाणी आणि शौचकूप. त्या शौचकूपाच्या तळाशी एक पेटी असते आणि ती दोन-एक दिवसांनी नेमून दिलेल्या जागी नेऊन रिकामी करावी लागते. हे काम कोणाचे, यावरून साडू-साडूंमध्ये पहिल्याच दिवशी कमालीचा विनय उत्पन्न झाला. "तुम्ही थोरले, पहिला मान तुमचा," असे मेव्हणे म्हणत, आणि "छे, छे, तुमच्या देशात आम्ही काय बोलणार!" असे हे म्हणत.

अशा या घरात दोन तोंडांची एक शेगडीही होती. मी तिच्याकडे पाहिले मात्र, धाकटीने मला दंडाला धरून बाजूला केले. "इथं फक्त चहा. फोडणी दिलीस की वरचा भोंगा बोंबलायला लागेल आणि वास गाद्यांतून निघणार नाही. स्वयंपाक बाहेर." आणि खरोखरीच गाडीच्या कुशीला एक झाकण होते, ते उघडून फळी ओढली की गॅसवर चालणारी जाळीची शेगडी खणासारखी बाहेर येत होती. घर चालते, पण चूल घराबाहेर. त्या लोकांचा यात एक कडक नियमही आहे. कोळशाची शेगडी बाहेर कितीही थंडीवारा असला, तरी गाडीत किंवा गाडीला लावलेल्या तंबूत घ्यायची नाही. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. आणि बंद जागेत निजलेले माणूस पुन्हा उठत नाही.

'बार्बेक्यू' हा शब्द ऐकला की आपल्याला तो अस्सल साहेबी वाटतो. वास्तविक तो साहेबाचा नव्हेच. कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांत काठ्यांचे मचाण बांधून, खाली विस्तव करून, वर मासे-मांस भाजत. त्या मचाणाचे हे नाव. स्पॅनिश दर्यावर्द्यांनी ते उचलले, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतले. आपल्या राखणीच्या मचाणाखाली कुणी आगटी पेटवली आणि पुढे साऱ्या जगाने त्या जेवणालाच 'मचाण' म्हटले, तसा हा प्रकार. मला तो ऐकून परका वाटेनासा झाला.

आम्ही निघालो ते ग्रेट ओशन रोड नावाच्या प्रसिद्ध रस्त्याने. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी डोंगराच्या कडा तोडून हा रस्ता केला. युद्धात पडलेल्या आपल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून केला. सुमारे २४० किलोमीटरची वाट. एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला दक्षिणेचा तो अफाट, करडा समुद्र. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, तेवढाच काय तो जिवाला धीर! मे महिना म्हणजे तिकडची हिवाळ्याची चाहूल. सव्वापाच वाजले की सूर्य बुडतो आणि समुद्रावरचा वारा शालीतून आत शिरतो. अशा वेळी शेगडीपाशी उभे राहायला कोण नको म्हणेल?

यांनी चिमटा पहिल्यांदा हातात घेतला तो अँगलसी या गावी. तिथे नदीकाठच्या बागेत विटांच्या ओट्यात बसवलेला चकचकीत पोलादी तवा आहे. शेजारी एक बटण. ते दाबले की तवा तापू लागतो, काही मिनिटांनी आपला आपण बंद होतो, पुन्हा दाबायचे. पैसे नाहीत, पावती नाही, राखणदार नाही. त्या देशात असे तवे गावोगावच्या बागांत, समुद्रकिनाऱ्यांवर असतात आणि ज्याचे काम झाले त्याने तवा पुसून ठेवायचा, एवढीच अट. यांनी तो तवा चारी बाजूंनी निरखून विचारले, "कुणी उचलून नेत नाही?" भाचा म्हणाला, "काका, तो ओट्यात पक्का बसवलाय." हे म्हणाले, "म्हणून काय झालं!"

तेवढ्यात एक स्थानिक कुटुंब आले. तवा एकच. परंतु त्यात संकोचाचे कारणच पडले नाही. अर्धा तवा त्यांचा, अर्धा आमचा. आमच्या अर्ध्यावर धाकटीने मुकाट्याने चंदेरी कागद अंथरला; आम्हाला काय चालते आणि काय चालत नाही, हे त्या गृहस्थांनीही न विचारता ओळखले आणि आपले मांस पलीकडच्या टोकाला सरकवले. मग दोघे पुरुष हातात चिमटे घेऊन शेजारी शेजारी उभे राहिले. यांचे इंग्रजी पतपेढीच्या कागदपत्रांपुरते आणि त्या गृहस्थाचे मराठी शून्य. तरीही अर्धा तास त्यांचे बोलणे चालले होते. जाळ, वारा आणि "आता उलटावे काय?" हे विषय जगात कुठल्याही भाषेत बोलता येतात, असे दिसते. यांनी चिमटा हवेत दोनदा वाजवून पाहिला. लगेच त्या गृहस्थानेही आपला वाजवला. गोंधळ्यांची जोडी जमली!

चिकन झकास झाले. सर्वांनी यांची तोंडभर स्तुती केली. आता खरी हकीकत सांगते. ते चिकन धाकटीने पहाटे उठून धुतले होते. त्याला दही, आले, लसूण आणि मी विमानतळावर सांगून-दाखवून नेलेला काळा मसाला मी चोळला होता. कांदे तिने चिरले, मक्याची कणसे मी सोलली, वांग्यांना चिरा देऊन त्यांत लसूण तिने खोचला, काकडीची कोशिंबीर मी केली. यांनी केले ते एवढेच की, ते सारे तव्यावर ठेवले आणि उलटले. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण ज्या कुणी केली त्याने बार्बेक्यू पाहिलाच असला पाहिजे. पण मी काही बोलले नाही. कारण बावीस वर्षांच्या संसारात प्रथमच असे घडत होते की, ताटात गरम घास पडत होता, मी तो बसून खात होते आणि माझे यजमान उभे होते. अशा वेळी हिशेब मागू नये.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. तिकडे शाळेला पैसे जमवायचे झाले की पालक मैदानावर शेगडी मांडतात. पावाच्या एका चकतीत भाजलेले सॉसेज आणि वर कांदा, असे विकतात. मतदानाची केंद्रेही बहुधा शाळांतच. तेव्हा मतदानाच्या दिवशीही ही शेगडी पेटते. मतदान तिथे १९२४ पासून सक्तीचे आहे; त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नाही. त्या खाद्याला लोक 'डेमोक्रसी सॉसेज' म्हणतात, आणि २०१६ साली तिथल्या एका कोशकेंद्राने वर्षाचा शब्द म्हणून तोच निवडला. मीही निवडणुकीच्या कामावर रात्ररात्र शाळेत काढलेली बाई. लोकशाहीला असा खरपूस वास कुठे येत असेल, हे ऐकून मला थोडा हेवा वाटला.

पुढचा मुक्काम वाय रिव्हरला होता. डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेले हे इवलेसे गाव. संध्याकाळ झाली की युकॅलिप्टसच्या झाडांतून कूकाबुरा पक्षी माणसासारखे खदखदून हसतात. हे कशाला हसत आहेत, असे आम्ही म्हणतो आहोत तोच एक वरून सरळ सूर मारून आला आणि यांच्या शेगडीवरचे सॉसेज चोचीत धरून फांदीवर जाऊन बसला. यांच्या पाककलेला तिथल्या रहिवाशाने दिलेली ती पहिली पावती!

पण त्याच गावात विस्तवाचे दुसरे रूपही पाहायला मिळाले. डोंगरावरची घरे नवी कोरी दिसली, म्हणून मी विचारले. मेव्हण्यांनी सांगितले की, २०१५ च्या नाताळाच्या दिवशी वणवा या उतारावरून खाली आला आणि हे गाव व शेजारचे सेपरेशन क्रीक मिळून ११६ घरे जळाली. माणसे वेळेवर हलवली म्हणून प्राणहानी टळली. त्यापूर्वी २००९ च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, याच प्रांतात १७३ माणसे वणव्यांत गेली होती. तेव्हापासून धाकटीच्या रुग्णालयातली जुनी माणसे तापलेला वारा सुटला की बोलायची थांबतात, असे ती म्हणाली.

म्हणून तिथे रस्त्यांच्या कडेला अर्ध्या पंख्यासारखे फलक असतात. चार रंग आणि एक काटा. आज आगीचा धोका किती, ते काटा सांगतो. कडक उन्हाळ्यात ज्या दिवशी पूर्ण अग्निबंदी पुकारली जाते, त्या दिवशी उघड्यावर लाकूड-कोळसा पेटवणे गुन्हा. गॅसची किंवा विजेची शेगडी चालते. पण तीसुद्धा भोवतालची ३ मीटर जागा साफ करून, जवळ निदान १० लिटर पाणी ठेवून. आणि ती विझेपर्यंत एका जाणत्या माणसाने तिथून हलायचे नाही. हा शेवटचा नियम ऐकून यांना फार नवल वाटले. "म्हणजे कायद्यानं माणूस शेगडीपाशी बांधून ठेवायचा?" मी आणि धाकटीने एकमेकींकडे पाहिले. आपल्याकडे त्यासाठी कायदा लागत नाही, एवढेच.

तिसऱ्या मुक्कामाला, अपोलो बे इथे, शेजारच्या जागेत एक वृद्ध जोडपे उतरले होते. घरदार विकून ती दोघे कॅराव्हॅन घेऊन देशभर हिंडत होती. असे हिंडणारे निवृत्त लोक तिकडे पुष्कळ. त्यांना 'ग्रे नोमॅड' म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. म्हातारबुवा रोज संध्याकाळी छत उघडून, खुर्ची मांडून, शेगडी पेटवीत. आजीबाई आत-बाहेर करीत. मी कौतुकाने म्हटले, "तुम्हाला बरे, स्वयंपाक तेच करतात." त्यावर ती हसली आणि बोटे मोडीत म्हणाली, "मांस आणते मी, मुरवते मी, बटाटे उकडते मी, कोशिंबीर मी, ताटल्या मी, धुणे मी. तो भाजतो. मग लोक त्याला धन्यवाद देतात." एवढे बोलून ती आत गेली आणि लोण्याची डबी घेऊन आली, कारण बुवांनी आतून मागितली होती. माझ्या अलिखित कायद्याला एक पोटकलमही आहे, हे त्या क्षणी पक्के झाले.

तरीसुद्धा त्या संध्याकाळचे ऋण मी त्या शेगडीला मानीन. पुरुष जाळीपाशी होते. भाचा सायकलीवर. घडीच्या दोन खुर्च्यांत आम्ही दोघी बहिणी, पायांवर एकच रग ओढून. हातात सुरी नाही, पुढ्यात परात नाही. अशा आम्ही दोघी शेवटच्या कधी बसलो होतो? लग्नापूर्वी कधीतरी, माळवदावर. बराच वेळ समुद्र ऐकून झाल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, आईनं गरम भाकरी कधी खाल्ली असेल गं?"

मी आठवू लागले. सर्वांत शेवटी आई बसायची. टोपलीत उरलेली, कडेने करपलेली भाकरी तिच्या वाट्याची. आम्ही आमची पुढे केली तर म्हणायची, "राहू द्या, मला करपलेलीच आवडते." आम्ही ते खरे धरले होते. धाकटी तर एकदा मुद्दाम आईसाठी भाकरी करपवायची म्हणून तव्यापाशी बसली होती. ते तिने सांगितले आणि आम्ही दोघी हसत सुटलो. आणि मग जे तीन वर्षांपूर्वी राहून गेले होते तेही झाले. पुरुषांनी पाहिले, परंतु शेगडीपाशी बांधलेले असल्यामुळे आमची समजूत घालायला कुणी आले नाही. फार बरे झाले.

शेवटचा मुक्काम पोर्ट कॅम्बेलचा. दिवसा आम्ही ते 'बारा प्रेषित' पाहिले. समुद्रात उभे असलेले चुनखडीचे प्रचंड सुळके. ते बारा कधीच नव्हते आणि २००५ साली त्यांतला एक आणखी कोसळला. तरी नाव बाराच. रात्री वारा फार होता. हे शेगडीला पाठ लावून वाऱ्याची आड करून उभे राहिले. आठ दिवसांत हात चांगला बसला होता. कोळंबी कधी आक्रसते, वांगे आतून कधी सुटते, कणसाला केव्हा फिरवायचे, हे न विचारता कळू लागले होते. भाच्याला पहिले कणीस, मग धाकटीला, मग मेव्हण्यांना, मग मला. सगळ्यांची बोटे पोळत होती. यांनी स्वतःचे घेतले तेव्हा ते एका अंगाने काळे पडले होते आणि वाऱ्याने गार झाले होते. भाचा म्हणाला, "काका, माझं घ्या ना." हे म्हणाले,

"असू दे रे, मला करपलेलंच आवडतं."

धाकटीने माझा हात घट्ट धरला. यांनी आमचे आदल्या मुक्कामावरचे बोलणे ऐकलेले नव्हते. हे वाक्य यांना कुणी शिकवले नव्हते. ते त्या जागेचे वाक्य आहे. चुलीपाशी जो सर्वांना वाढीत उभा राहतो, त्याच्या तोंडी ते आपोआप येते. मग तो धोतर नेसो की लुगडे. आईचे ते वाक्य मी आजवर मायेचे समजत होते. ते मायेचे आहेच. पण माया ही काही बाईच्या रक्तात निराळी घातलेली नसते. ती उभे राहून राहून, वाढून वाढून अंगी येते. पुरुष घरात तिथवर उभाच राहत नाही, म्हणून त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

सुटी संपली. शाळा सुरू झाली. मी चित्रकला शिकवते. आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या एका आडगावी आहे आणि वर्गातली बरीच मुले ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की आई-बापांबरोबर तीही बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या मागे बसून कारखान्यांकडे जातात ती उन्हाळा लागता परततात. वर्गात मी मोटारहोमाची हकीकत सांगितली. चाकांवरचे घर म्हटल्यावर शहरातली मुले डोळे विस्फारतील; आमच्या मुलांना त्यात काही विशेष वाटले नाही. मी फळ्यावर गाडी काढली, शेगडी काढली. तेव्हा सहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तितं भाकर कोण करतं?"

मी म्हटले, "तिथं भाकरी नसते, पण भाजतात सगळे बाप्येच."

वर्ग खो खो हसला. ती मात्र हसली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "मग त्यानला सुट्टी असंल."

माझ्या साऱ्या अलिखित कायद्याचा अर्थ त्या पोरीने चार शब्दांत सांगून टाकला. दोन वर्षांपूर्वी मुलांना परत आणण्यासाठी आम्ही दोघी शिक्षिका एका फडावर गेलो होतो. उसाच्या पाचटाच्या कोपी, बाहेर तीन दगडांच्या चुली. साडेतीनच्या अंधारात एकेक चूल पेटत होती आणि प्रत्येक जाळापुढे एकेक बाई. चूल उंबऱ्याबाहेरच होती. नव्हे, तिथे उंबराच नव्हता. वर आभाळ होते, थंडी होती, चाकांची बैलगाडी शेजारी उभी होती. म्हणजे त्या समुद्राकाठी होते ते सारे होते. पण तिथे पुरुष चुलीपाशी नव्हता. कारण ती मौज नव्हती. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. तोडणीला दोघे बरोबरीचे. भाकरीला ती एकटी. बाहेरची चूल पुरुषाची खरी. पण केवळ सुटीच्या दिवशी. जिथे बाहेर हेच घर, तिथे ती पुन्हा बाईची.

हे सगळे मी घरी येऊन यांना सांगितले. हे काही बोलले नाहीत. आम्हा दोघांत न बोलण्याचा भाग यांच्याकडे असतो. श्रावणातल्या एका मंगळवारी धो धो पाऊस पडत होता. अंगणात काही पेटवण्याजोगे नव्हते, घरी पाहुणा नव्हता, सणवार नव्हता. मी शाळेतून भिजून आले तो स्वयंपाकघरात दिवा. यांनी पिठले केले होते. त्यात गुठळ्या होत्या आणि मीठ दोनदा पडले होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, चिमटाही वाजला नाही. पिठले आम्ही गरम गरम, दोघांनी एकाच वेळी बसून खाल्ले. त्यानंतर दर मंगळवारी हे आत जातात. मी मुद्दाम त्याची वाच्यता करीत नाही. कादंबरीतसुद्धा घालणार नाही. पुरुषाचे कौतुक केले की त्याला तो समारंभ वाटतो आणि समारंभ रोज होत नसतो.

दिवाळीच्या सुटीपूर्वी मी वर्गाला 'माझे घर' हा विषय दिला. त्या मुलीने बैलगाडी काढली, मागे उसाचा फड, आभाळात चांदणी आणि पुढे तीन दगडांची चूल. चुलीपुढे टोपी घातलेला एक माणूस बसला होता आणि त्याच्या दोन्ही हातांत भाकरी होती. शेजारी एक बाई, पाय लांब करून, बैलाला टेकून बसली होती.

"हे कोण गं?" मी विचारले.

"आमचे अण्णा."

"करतात का ते भाकरी?"

तिने खडू पेटीत ठेवला आणि चित्र जरा लांब धरून पाहिले.

"न्हाई. पर चित्रात करत्यात."

भाऊबीज झाली की तिची गाडी निघेल. ते चित्र तिने घडी करून बरोबर नेते म्हणून सांगितले आहे. कोपीत लावणार आहे, चुलीच्या बाजूला. अण्णांना दिसेल असे.